एस्केप न केलेला पाइप रेजेक्सने कसा पकडायचा: मागे बघू नका, जोड्या लावत पुढे चला

धुळे, अमळनेर, चोपडा, तळोदा असे वेगवेगळ्या गावांचे आम्ही काही जण मिळून अहिराणी शब्द गोळा करतो. शब्द, त्याचा मराठी अर्थ, बोलण्यातलं एक वाक्य, रेकॉर्डिंग कुठल्या फोल्डरला आहे ते आणि गाव, असे पाच खाने, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द आणि दोन खान्यांच्या मधे पाइप म्हणजे ही उभी रेघ |. कॉमा घेतला नाही कारण वाक्यांत कॉमा येतोच येतो, आणि टॅब घेतला नाही कारण निम्मी मंडळी फोनवरून टाइप करतात आणि फोनच्या कीबोर्डला टॅबचं बटणच नसतं.

पण झालं काय, जात्यावरच्या ओव्या लिहून पाठवताना लोक दंडाच्या जागी हीच उभी रेघ टाकतात, म्हणजे मजकुरात पण पाइप आणि खाने पाडायला पण पाइप. म्हणून नियम केला की मजकुरातल्या पाइपच्या आधी बॅकस्लॅश लावायचा, असा \| (ह्यालाच एस्केप करणं म्हणतात, म्हणजे हा पाइप खाना पाडणारा नाही) आणि मजकुरात खराखुरा बॅकस्लॅश असेल तर तो दोनदा लिहायचा, असा \\. डेटाबेसमधून टेक्स्ट काढताना मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस पण असाच बॅकस्लॅश वापरतात, त्यामुळे हा प्रॉब्लेम फक्त आमच्या फाइलचा नाही, तुम्हाला पण कधी ना कधी भेटेलच.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, "मामा, एका ओळीचे पाचऐवजी चारच खाने पडताहेत, रेजेक्स तर बरोबर दिसतोय." ओळ ही होती:

आंडोर|मुलगा|मन्हा आंडोर शाळामा जास|आवाज\\अमळनेर\\|अमळनेर

आणि तिचा रेजेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा नमुना) हा:

(?<!\\)\|

म्हणजे "असा पाइप ज्याच्या लगेच आधी बॅकस्लॅश नाही" (रेजेक्समध्ये पण एक बॅकस्लॅश \\ असा आणि पाइप \| असा लिहावा लागतो). दहातले नऊ लोक हाच लिहितात, आणि बहुतेक ओळींवर तो चालतो पण, म्हणून तर चूक लवकर सापडत नाही. चूक कुठे आहे ते बघायला अमळनेर शब्दाच्या पुढे बोट ठेवा. तिथे दोन बॅकस्लॅश आहेत आणि मग पाइप. विंडोजमधला फोल्डरचा पत्ता बॅकस्लॅशवर संपला, नियमाप्रमाणे तो दोनदा लिहिला गेला, आणि त्याच्या पुढचा पाइप हा खाना पाडणारा खरा पाइप आहे. पण रेजेक्सने मागे एकच अक्षर बघितलं, तिथे बॅकस्लॅश दिसला, आणि "हा एस्केप केलेला आहे" म्हणून सोडून दिला. त्या बॅकस्लॅशचं काम आधीच होऊन गेलेलं होतं, तो त्याच्या आधीच्या बॅकस्लॅशने एस्केप झालेला होता, पाइपला हात लावायला तो मोकळाच नव्हता.

नियम एकदा डोक्यात पक्का करा

शाळेत प्रार्थनेला पोरांना दोन-दोनच्या जोडीने उभं करतात ना, तसं बॅकस्लॅशना उभं करा, डावीकडून. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर पुढचं अक्षर मोकळं, म्हणजे एस्केप न केलेलं. शेवटी एक जण एकटा उरला तर तो पुढच्या अक्षराचा हात धरतो, म्हणजे ते अक्षर एस्केप झालं. एवढंच आहे. पाइपच्या आधी शून्य, दोन, चार असे सम बॅकस्लॅश असतील तर पाइप खरा, एक, तीन, पाच असे विषम असतील तर पाइप मजकुरातला. म्हणजे "आधी बॅकस्लॅश आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे, "आधी किती बॅकस्लॅश आहेत" असं विचारावं लागतं.

मात्र हे सगळं तुमच्या फाइलचा नियम बॅकस्लॅशचा असेल तरच. सीएसव्हीमध्ये बॅकस्लॅशला काही अर्थ नसतो, तिथे कोटच्या आत कोट आला तर तो दोनदा लिहितात, २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये तसंच दिलंय, आणि तिथे "(?:[^"]|"")*" असा रेजेक्स चालतो. एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्ये पण सिंगल कोट दोनदा लिहायची रीत आहे, मायएसक्यूएल मात्र बॅकस्लॅश पण घेतं. तर आधी फाइल कोणी आणि कशी बनवली ते विचारा, मग रेजेक्सला हात लावा, नाहीतर नियम एकाचा आणि रेजेक्स दुसऱ्याचा असं होतं.

जे लिहू नये ते आधी बघू

लुकबिहाइंड, म्हणजे भाचीच्या रेजेक्समधला मागे नुसतं डोकावून बघणारा पहिला कंस, माहिती नसलेले लोक असं लिहितात:

[^\\]\|

"बॅकस्लॅश सोडून कुठलंही अक्षर, मग पाइप". ह्याने खाने पाडले की आंडोर चा आंडो होतो आणि मुलगा चा मुलग. कारण हा रेजेक्स पाइपच्या आधीचं अक्षर पण स्वतःत ओढून घेतो आणि स्प्लिट करताना, म्हणजे ओळ तिथे तोडताना, ते फेकलं जातं, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही कॉम्प्युटरसाठी वेगळी अक्षरं असतात त्यामुळे गा मधला फक्त काना उडतो, ग राहतो. वाचणाऱ्याला वाटतं टाइप करणाऱ्याने काना विसरला. आमच्या यादीसाठी तर हे फार वाईट, कारण बोलीतल्या शब्दात काना होता की नव्हता हेच तर जपायचंय. शिवाय रिकामा खाना म्हणजे || असा आला की दुसरा पाइप सुटतो, आणि ओळ पाइपनेच सुरू होत असेल तर पहिला सुटतो, कारण त्याच्या आधी खायला अक्षरच नाही.

लुकबिहाइंडच वापरायचा असेल तर असा

(?<!\\)(?:\\\\)*\|

वाचायचं असं: अशी जागा जिच्या मागे बॅकस्लॅश नाही, तिथून बॅकस्लॅशच्या पूर्ण जोड्या, शून्य असल्या तरी चालेल, आणि मग पाइप. तीन बॅकस्लॅश असतील तर पहिल्यापासून एक जोडी लागते, तिसरा उरतो, पाइप जुळत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्यापासून सुरू करायला जावं तर मागे बॅकस्लॅश आहे म्हणून लुकबिहाइंड अडवतो. पाइप खरा आहे की नाही एवढंच शोधायला हा बरोबर आहे.

पण स्प्लिटला देऊ नका. मॅचमध्ये, म्हणजे रेजेक्सने पकडलेल्या तुकड्यात, जोड्या पण येतात, त्यामुळे अमळनेर\\ मधले दोन्ही बॅकस्लॅश पाइपसोबत जातात आणि फोल्डरचा पत्ता अर्धा राहतो. पाइपच्या जागी दुसरं काही टाकायचं असेल तर जोड्यांना ग्रुपमध्ये, म्हणजे साध्या कंसात, धरा, (?<!\\)((?:\\\\)*)\| असं, आणि रिप्लेसमध्ये पहिला ग्रुप जसाच्या तसा परत ठेवून मग नवीन चिन्ह टाका. बऱ्याच जणांना वाटतं की जोड्या पण लुकबिहाइंडच्या आतच टाकू, (?<=(?<!\\)(?:\\\\)*)\| असं, म्हणजे मॅचमध्ये फक्त पाइप येईल. डॉटनेटमध्ये आणि नव्या जावास्क्रिप्टमध्ये हे चालतं. पायथॉनचं सोबत येणारं मॉड्यूल मात्र लगेच एरर देतं, कारण त्याला लुकबिहाइंडची लांबी ठरलेली लागते.

आणि लुकबिहाइंड सगळीकडे आहे असंही समजू नका. जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये तो २०१८ ला आला, सफारीमध्ये तर १६.४ व्हर्जनपासून, म्हणजे मार्च २०२३. गो भाषेत आणि गुगल शीट्समध्ये आरई२ पद्धतीचं रेजेक्स इंजिन चालतं, तिथे लुकबिहाइंड मुळीच नाही. आमच्याकडे यादी बघणारे बरेच जण गुगल शीट्सवालेच आहेत, त्यामुळे मी तर हा रस्ता सोडूनच दिला.

मी वापरतो तो रस्ता

\\.|(\|)

एवढासा आहे आणि जवळपास प्रत्येक इंजिनमध्ये चालतो. अर्थ असा की ओळीच्या सुरुवातीपासून चालत जा, बॅकस्लॅश दिसला की तो आणि त्याच्या पुढचं अक्षर, जे काही असेल ते, जोडीने उचलून पुढे जा, आणि ह्यात न सापडलेला पाइप मिळाला तर तो ग्रुपमध्ये धर. जोडीत उचलला गेलेला पाइप परत समोर येतच नाही, कारण एक मॅच पूर्ण झाली की पुढचा शोध तिच्या पुढूनच सुरू होतो. मग प्रत्येक मॅचमध्ये फक्त एवढंच बघायचं की पहिला ग्रुप भरलाय का, भरला असेल तर तो खरा पाइप, नसेल तर सोडून द्या.

अमळनेर\\| वर चालवून बघा. अमळनेर मध्ये बॅकस्लॅश नाही पाइप नाही, पुढे. पहिला बॅकस्लॅश आला, त्याने दुसऱ्याला जोडीत घेतलं, दोघे गेले. आता पाइप एकटा समोर, ग्रुपमध्ये आला. बरोबर. आता तीन बॅकस्लॅश आणि पाइप घ्या: पहिला-दुसरा जोडीने गेले, तिसऱ्याने पाइपचा हात धरला, ते दोघे गेले, ग्रुप रिकामा. हे पण बरोबर. मोजणी कुठेच केली नाही तरी सम-विषम आपोआप जमलं, म्हणून मला हा सगळ्यात आवडतो.

एक अट आहे, सुरुवात ओळीच्या पहिल्या अक्षरापासूनच झाली पाहिजे. मधूनच कुठून सुरू केलं तर जोडीतला दुसरा बॅकस्लॅश पहिला समजला जाईल आणि पुढचं सगळं एकाने सरकेल. पाइपच्या जागी कुठलंही चिन्ह ठेवा, पद्धत तीच, एस्केप न केलेला तारा पाहिजे तर \\.|(\*), डबल कोट पाहिजे तर \\.|("). खान्याच्या आत एंटर येऊ शकत असेल तर डॉट एंटरला धरत नाही, तेव्हा डॉट-ऑलचा फ्लॅग चालू करा.

थेट खानेच काढायचे

बहुतेक वेळा आपल्याला पाइप नको असतात, मधला माल पाहिजे असतो. तेव्हा शोधायचा तो खाना:

\|((?:[^|\\]|\\.)*)

एक पाइप, आणि मग पाइप-बॅकस्लॅश सोडून कुठलंही अक्षर किंवा बॅकस्लॅशची जोडी, कितीही वेळा. तुम्ही म्हणाल पहिल्या खान्याच्या आधी तर पाइप नाही, मग तो कसा सापडेल. तर चालवायच्या आधी प्रत्येक ओळीला सुरुवातीला आपणच एक पाइप चिकटवायचा. ह्याचं कारण सांगतो, कारण इथे लोक तास-तास अडकतात. पाइपची अट काढून नुसतं (?:[^|\\]|\\.)* दिलं तर ते रिकाम्या जागेला पण मॅच म्हणतं, आणि प्रत्येक खान्यानंतर एक भुताचा खाना मिळतो. (?:^|\|) लावून बघितलं तर पायथॉनमध्ये नीट आणि जावास्क्रिप्टमध्ये पहिला खाना रिकामा असला की दुसरा गायब, कारण रिकामी मॅच झाल्यावर पुढे कसं सरकायचं ते दोघांचं वेगळं आहे. पाइप चिकटवला की प्रत्येक मॅच निदान एक अक्षर तरी खाते, रिकामी मॅच होतच नाही, सगळीकडे एकच उत्तर.

मग एक तपासणी टाकाच, सगळ्या मॅचची लांबी जोडा आणि ओळीच्या लांबीशी ताडून बघा, चिकटवलेला पाइप धरून. जुळली नाही तर ओळीच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश लोंबकळतोय. अशी ओळ प्रोग्रामने गुपचूप घ्यायची नाही, वेगळ्या फाइलमध्ये टाकून ज्याने पाठवली त्यालाच विचारायचं.

एक छोटी दिसणारी पण भारी चूक

डबल कोटमधला मजकूर काढायला खूप ठिकाणी असं लिहिलेलं असतं:

"(?:\\.|[^"])*"

इथे [^"] मध्ये बॅकस्लॅश नाकारलेला नाही. मग एकच बॅकस्लॅश दोन वाटांनी जाऊ शकतो, जोडीतून किंवा एकटा. बंद होणारा कोट सापडला नाही की इंजिन मागे येऊन दुसरी वाट धरतं, आणि "अबक\" अशा न संपलेल्या मजकुरात बॅकस्लॅशला एकटं सोडून एस्केप केलेल्या कोटलाच शेवट मानून मोकळं होतं. उत्तर चुकलं ते चुकलंच, वर वेळ पण जातो. सुरुवातीच्या कोटपुढे ४० बॅकस्लॅश आणि बंद करणारा कोट नाही, अशी ओळ आली तर त्या ४० ना एक-एक आणि दोन-दोन अशा तुकड्यांत पाडायच्या वाटा होतात १६,५५,८०,१४१. ही मोजणी आपल्याकडे छंदशास्त्रात जुनी आहे बरं का, लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, मग अमुक मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरेल हे विरहांकाने सांगितलं आणि पुढे १२ व्या शतकात हेमचंद्राने पण, तीच संख्यांची माळ ही. छंदात ती सुंदर आहे, सर्व्हरवर ती आली की प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर ह्या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर जवळपास अर्धा तास कोलमडली होती ती असल्याच मागे-पुढे करणाऱ्या एका रेजेक्समुळे, तिथे पॅटर्न वेगळा होता पण रोग हाच, एकाच मजकुराला जायला अनेक वाटा.

इलाज एका बॅकस्लॅशचा आहे, नको असलेल्यांच्या यादीत त्याला पण घाला:

"[^"\\]*(?:\\.[^"\\]*)*"

आता साध्या अक्षराला एकच वाट, बॅकस्लॅशला एकच वाट. ह्या लिहिण्याच्या पद्धतीला लूप उलगडणं म्हणतात, मोठ्या फाइलवर ती पळते पण जोरात. वरचा खान्याचा रेजेक्स पण असा उलगडता येतो, \|([^|\\]*(?:\\.[^|\\]*)*) असा.

एस्केप काढताना नंदुरबार तुटतं

खाने मिळाले, आता \| चा | आणि \\ चा \ करायचा. इथे दोनदा रिप्लेस मारू नका. आमच्या फोल्डरांची नावं आधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये होती. एस्केपच्या रीतीत बॅकस्लॅशपुढे छोटा एन म्हणजे नवीन ओळ, छोटा टी म्हणजे टॅब, छोटा आर म्हणजे कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीच्या शेवटी टाकतं ते न दिसणारं चिन्ह). आता नंदुरबार एन ने सुरू होतं, तळोदा टी ने आणि रावेर आर ने. फाइलमध्ये पत्ता \\ आणि पुढे नंदुरबार असा अगदी बरोबर होता, पण स्क्रिप्टने पहिल्या फेरीत बॅकस्लॅश-एन शोधून त्याची नवीन ओळ केली, आणि त्यात जोडीतला दुसरा बॅकस्लॅश आणि नंदुरबारचा एन दोन्ही गेले. धुळे आणि अमळनेर नीट, ही तीनच गावं तुटायची, आणि कितीतरी दिवस आम्ही त्या गावांच्या फोनवर संशय घेत बसलो होतो.

एकाच फेरीत करा, \\(.) शोधा, आणि प्रत्येक मॅचला फंक्शन लावून ठरवा, ग्रुपमध्ये छोटा एन असेल तर नवीन ओळ, टी असेल तर टॅब, आर असेल तर कॅरेज रिटर्न, नाहीतर ग्रुपमधलं अक्षर जसंच्या तसं. डावीकडून जोडीने चालल्यामुळे \\ आधी उचलला जातो आणि एन बिचारा एन राहतो.

कोडमध्ये टाकताना

रेजेक्समधला एक बॅकस्लॅश पकडायला रेजेक्सला दोन लागतात, आणि जावासारख्या भाषेत तो रेजेक्स स्ट्रिंगमध्ये लिहिला की दोनाचे चार. म्हणजे \\.|(\|) तिथे "\\\\.|(\\|)" होतो. पायथॉनमध्ये कोटच्या आधी छोटा आर लावून रॉ स्ट्रिंग घ्या, जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरप्या रेघांच्या मधे लिहा, दोन्हीकडे दुप्पट करायची कटकट जाते. पाइपला बॅकस्लॅशऐवजी चौकटी कंसात [|] असं टाकलं तर तेवढे बॅकस्लॅश अजून कमी होतात आणि डोळ्याला पण बरं वाटतं.

आणि मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बॅकस्लॅशच्याच बटणावर ॉ येतो आणि शिफ्टसोबत ऑ, म्हणजे भाषा न बदलता पाइप मारला तर फाइलमध्ये ऑ पडतो आणि दोन खाने चिकटून जातात. दुसरं, दंड । आणि पाइप | स्क्रीनवर भाऊ-भाऊ दिसतात पण कॉम्प्युटरसाठी वेगळे, दंडाचा युनिकोड नंबर ०९६४. कोणी खाना पाडायला दंड टाकला तर \| त्याला कधीच पकडणार नाही, म्हणून ओळीत खाने कमी निघाले की त्याच ओळीत दंड आहे का ते आधी शोधा. उलट ओवी टाइप करणाऱ्याला दंडच टाकायला शिकवलं तर एस्केपची गरजच निम्मी होते, आम्ही आता नवीन मंडळींना तेच सांगतो.

तपासायच्या ओळी

रेजेक्स बदलला की ह्या ओळी चालवून बघितल्याशिवाय खऱ्या फाइलवर सोडू नका, पुढे किती खाने निघाले पाहिजेत ते लिहिलंय:

अ|ब : २
अ\|ब : १
अ\\|ब : २
अ\\\|ब : १
अ\\\\|ब : २
अ||ब : ३
|अ : २
अ| : २
| : २
अ\ : लांबी जुळली नाही पाहिजे, ओळ बाजूला

भाचीच्या रेजेक्सवर तिसरी आणि पाचवी ओळ पडते. [^\\]\| वर तर तिसरी, पाचवी, सहावी, सातवी आणि नववी पडते, आणि पहिलीचे खाने दोन निघतात पण त्यातला अ गायब असतो, म्हणून नुसते खाने मोजू नका, आतला मजकूर पण ताडून बघा. विंडोजवर बनलेली फाइल असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न राहतो आणि तो शेवटच्या खान्यात, आमच्याकडे गावाच्या नावात, जाऊन बसतो, मग अमळनेर आणि अमळनेर दोन वेगळी गावं म्हणून मोजली जातात. ओळ वाचल्या वाचल्या तो काढा, पण काढताना स्पेस काढू नका आणि बॅकस्लॅशला तर हात पण लावू नका.